कडीवरचा टॉवेल

शालन झोपेत गेली, हे मला पहिल्यांदा सांगितलं आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी. चौथीचा वर्ग चालू होता. एरवी मामा दारातूनच ओरडून निरोप देतात, त्या दिवशी आत आले, टेबलाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, कॉलनीतून निरोप आलाय. तुमच्या मैत्रीण, शालनताई... आज सकाळी दवाखान्यात वारल्या. झोपेतच गेल्या म्हणे. सुखाचं मरण आलं." त्यानंतरच्या काही आठवड्यांत हेच वाक्य मी बसमध्ये ऐकलं, भाजीच्या गाडीवर ऐकलं, स्टाफरूममध्ये ऐकलं. सांगणारा प्रत्येक जण माझी समजूत घालायला सांगत असतो, आणि दर वेळी माझ्या अंगाची लाही लाही होते. शालन झोपेत गेली नाही. झोप म्हणजे काय, हे त्या अख्ख्या कॉलनीत जर कुणाला नीट माहीत असेल तर ते तिलाच. नेमकी तिच्याच बाबतीत सगळ्यांची चूक व्हावी... ती चूक काय होती ते एकदा सरळ सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

पानशेतचा पूर होऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघी पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत राहायला आलो. दोघी नव्या नवऱ्या, समोरासमोरच्या खोल्या. माझे यजमान ऑफिसात, म्हणजे आमच्या घरी कायम जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. शालनचे यजमान प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, पाळीपाळीनं. सगळी चाळ त्यांना नाना म्हणे, मीही नानाच म्हणत आले. नाना चाकणकडच्या खेड्यातले, शालन दापोडीची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. घर रुळांना इतकं लागून की मालगाडी गेली की मांडणीतली भांडी जागची हलत. त्या गल्लीत मॅट्रिक झालेली शालन पहिली मुलगी, वडिलांनी विहारात पेढे वाटले होते. तिला बी. ए. व्हायचं होतं आणि शिकवायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलेलं मला आठवत नाही. नाना तिला बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी हे आधीच कानावर घातलं होतं, आणि नाना म्हणाले होते, "शिकू द्या की. आमची काय हरकत हाय?" हरकत शेवटपर्यंत नव्हती, हे मीही कबूल करते.

तो टॉवेल मुळात शालनच्याच डोक्यातून निघाला. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत नानांच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या एका तरुणाची बोटं प्रेसखाली गेली. त्याची रातपाळी होती, दिवसा खोलीवर पाहुणे होते म्हणून तो झोपला नव्हता, आणि काम करता करता त्याचा डोळा लागला. त्याला दवाखान्यात पोचवून नाना घरी आले ते शर्टावर त्याचं रक्त घेऊन. शालनने तो शर्ट नळावर धुतला तेव्हा मी शेजारी होते. त्या दिवसापासून नानांची झोप हे तिचं व्रत झालं. आता आमच्या चाळीत दिवसा झोपणं म्हणजे काय दिव्य होतं ते तिथं राहिलेल्यांनाच कळेल. कल्हईवाला यायचा, बोहारीण यायची, रेशनला साखर आल्याची बोंब व्हायची, पोस्टमन यायचा, आणि "शालन, वाटीभर पीठ दे गं" म्हणत आम्ही बायका तर उठताबसता जायचो. मग तिनं एक युक्ती काढली. कामगारांना दरवर्षी साबणाबरोबर कंपनीकडून एक पिवळा टॉवेल मिळायचा. तो तिनं दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवला आणि घरोघर जाऊन सांगून आली, टॉवेल दिसला की समजायचं आत माणूस झोपलंय, कडी वाजवायची नाही आणि हाक तर मारायचीच नाही. दार नुसतं लोटलेलं असे. आतून कडी घातलेली नसे, कारण तिला पाण्याला, दळणाला ये-जा करावी लागे. ही सोय सगळ्यांना इतकी पटली की बघता बघता रातपाळीच्या प्रत्येक घराच्या कडीला टॉवेल लागायला लागला. बाहेरचा पाहुणा यायचा आणि विचारायचा, हे इतके टॉवेल असे दारावर का वाळत घातलेत?

माया, तिची मुलगी, बालवाडीत जायला लागली तेव्हा शालनने बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी. ए. ला नाव घातलं आणि विषय घेतला मानसशास्त्र. मी तिला वेड्यातच काढलं. मराठी घे, इतिहास घे, निदान शिकवायला उपयोगी पडेल. ती म्हणाली, "नलू, मला एक कोडं सोडवायचंय. दापोडीला उशाशी मालगाडी धडधडत जायची, मला जाग यायची नाही. आणि त्याच खोलीत आईनं हळूच 'शालू' म्हटलं की मी टक्क जागी. झोपेत हे निवडतं कोण?" मला असले प्रश्न आयुष्यात पडले नाहीत, तिला पडायचे. तिनं पुण्याहून जुनं क्रमिक पुस्तक आणलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. लपवून नाही हं. एका खोलीच्या घरात दुसरी जागाच नव्हती.

त्या पुस्तकानं आमची चांगली करमणूक केली हेही सांगायला हवं. कुत्र्याला जेवण देताना घंटा वाजवत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनंच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो प्रयोग तिनं मला पाण्याच्या रांगेत समजावून सांगितला, आणि लगेच म्हणाली, "कुत्र्याला घंटा, आपल्याला भोंगा." खरंच होतं ते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीचा भोंगा झाला की नाना झोपेतून उठून मोजे शोधायला लागत. टॉवेलाचंही तसंच. चाळीतली मुलं टॉवेल दिसला की आवाज बंद करून चवड्यांवर चालायला लागत, आणि एकदा तर इंदूबाईंनी, म्हणजे शालनच्या भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीनं, तसलाच पिवळा टॉवेल धुऊन दोरीवर टाकला होता तर त्याच्याखाली गोट्या खेळणारी पोरं कुजबुजत खेळत होती. शालन हसून हसून खाली बसली. "अगं, याला पुस्तकात नाव आहे! खूण एकीकडे शिकवली की माणूस तिच्यासारखं जे दिसेल त्याला तसंच वागतो." आपण अख्खी चाळ शिकवली याचं तिला कौतुक वाटत होतं. मला तेव्हा तेही मजेचंच वाटलं.

मजा संपायची ती घरात. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. पहिली पाळी असली की नानांच्या डब्यासाठी ही कोंबड्याआधी उठणार. दुसरी असली की ते परत येईपर्यंत ताट झाकून जागी बसणार. रातपाळी असली की दिवसभर घरात टाचणी पडू द्यायची नाही, म्हणजे हिनं भांडं घासायचं नाही, मुलीला रडू द्यायचं नाही आणि स्वतः आडवं व्हायचं नाही, कारण खोलीत पलंग एक आणि पहारा करणारी ही एक. कंपनीत तीन पाळ्यांना तीन कामगार होते. घरात तिन्ही पाळ्या एकटी शालन करत होती. त्यात मोठ्यानं वाचून पाठ करायची तिची शाळेपासूनची सवय, आणि घरात तर तोंड उघडायची चोरी. मग ती ओठ हलवत पाठ करायची. नानांची आई गावाहून आली होती तेव्हाची गोष्ट. पुस्तकात स्मरणाच्या प्रयोगासाठी काही अर्थ नसलेली अक्षरं दिली होती, ती किती टिकतात ते शालन भाकरी थापता थापता स्वतःवर करून बघत होती. म्हातारी घाबरून माझ्याकडे आली. "मास्तरीणबाई, जरा चला वो. सून चुलीपुढं कायतरी पुटपुटतीया. देवाचं न्हाई, धर्माचं न्हाई... करणी-बिरणी तर न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "आजी, परीक्षेचं आहे ते." म्हातारी म्हणाली, "व्हय का? मग असली कसली परीक्षा, नवरा झोपल्याव देयाची?" म्हातारी आता नाही. पण तिनं अजाणता जे विचारलं ते पुढे कुणी विचारलं नाही.

मोठ्यानं बोलून बघण्यासाठी शालनने मला धरलं. मी शाळेतून आले की आम्ही दोघी स्टेशनपर्यंत पायी जायचो आणि परत यायचो, आणि वाटभर ती मला धडा सांगायची. तुला समजलं तर मला समजलं, असा तिचा हिशेब. मी बी. ए. झाले नाही, पण झोपेच्या अवस्था, विस्मरण कसं आधी भराभर आणि मग सावकाश होतं, लक्ष म्हणजे काय, हे सगळं मला त्या रस्त्यावर समजलं. एके दिवशी मी तिला विचारलं की झोपलेला माणूस आणि बेशुद्ध माणूस दोघंही पडलेलेच असतात, दोघांनाही काही कळत नसतं, मग फरक तो काय? ती रस्त्यातच थांबली. "मस्त विचारलंस. बघून फरक नाही गं कळत. दोघांचे डोळे मिटलेले, दोघांचा श्वास चालू, दोघंही घोरतील. फरक कळायला एकच उपाय, हाक मारायची. झोपलेला माणूस उठतो. कुरकुरेल, शिव्या देईल, पण उठतो." आणि मग स्वतःच हसून म्हणाली, "म्हणजे आमच्या चाळीत कुणी बेशुद्ध पडलं तर कळायचंच नाही." हे मी आज जुळवून सांगते आहे असं कुणाला वाटेल तर वाटो. ती असंच म्हणाली होती, आणि आम्ही दोघी हसत हसत पुढे गेलो होतो.

पहिल्या वर्षाचे पेपर ती रखडत रखडत पास झाली. त्यानंतर एकदा मायाला गोवर निघाला म्हणून परीक्षा बुडली, एकदा संपात घर चालवण्यासाठी ही शिवणकाम करत होती म्हणून बुडली. मग एकदा बसली, आणि नेमकी मानसशास्त्रात नापास झाली. का, ते तिनं मला घरी येऊन सांगितलं. त्या आठवड्यात नानांची दुसरी पाळी होती. पुण्याच्या केंद्रावर पोचली, पेपर हातात आला, पहिलाच प्रश्न झोपेवरचा. तिला सगळं येत होतं. "इतका आनंद झाला ना नलू, की म्हटलं, एक क्षण डोळे मिटून सगळं आठवून घेऊ..." आणि ती बाकावर डोकं टेकून झोपून गेली. पर्यवेक्षक बाईंना वाटलं विचार करतेय. शेवटची घंटा व्हायची वेळ आली तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, "अहो बाई, उठा!" ही ताडकन उठली, उत्तरपत्रिकेवर फक्त प्रश्नाचा क्रमांक. झोपेवरचा प्रश्न होता आणि मी त्याचं प्रात्यक्षिक देऊन आले, असं म्हणून ती हसत होती. मीही हसले. मग तिचं हसणं थांबेना आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिनं पदरात तोंड खुपसलं. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून होते.

नाना वाईट माणूस नव्हते. मला हे लिहिताना दात-ओठ खावे लागतात, पण खरं ते खरं. ते दारू पीत नसत, हात उगारत नसत, पगार तिच्या हातात देत. युनियनचं काम जीव तोडून करत. गेटसभेत त्यांचं भाषण ऐकायला दुसऱ्या कंपन्यांचे लोक येत. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आमचे, ही घोषणा त्यांच्या तोंडून ऐकली की अंगावर काटा यायचा. कामगाराची झोप हा त्याचा हक्क आहे, हे वाक्य मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. ते भाषण झालं त्या दिवशी शालन माझ्याकडे कांदे निवडत बसली होती. लाऊडस्पीकरचा आवाज तिथपर्यंत येत होता. ती मान वर न करता म्हणाली, "छान बोलतात ना?" आणि जरा वेळानं, "ते मधले आठ तास आमच्या घरी एकालाच पुरतात गं." बस, इतकंच. यापलीकडे तिची तक्रार नसे. नापास झाल्यावर नाना तिला म्हणाले होते, "काय घाई हाय? पुढल्या वर्षी दे." त्यांनी तिला कधी नाही म्हटलं नाही. ते फक्त झोपत.

पुढे आम्ही प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत लहानसं घर बांधून राहायला गेलो. गाठीभेटी कमी झाल्या तरी शालन महिन्या-दोन महिन्यांनी बस पकडून यायची. शेवटची आली ती यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. कपाळाला बाम चोपडलेला. डोकं फार दुखतं म्हणाली, बरेच दिवस झाले. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. "दाखवलं ना कंपनीच्या दवाखान्यात. जागरण कमी करा म्हणाले." आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. पण त्या दिवशी तिचा चेहरा उजळलेला होता. मधलं वर्ष मागेपुढे करत सुटलं होतं, शेवटच्या वर्षाची परीक्षा पंधरवड्यावर आली होती आणि तिनं मनाशी काही ठरवलं होतं. पुस्तकात एक प्रयोग होता. काही लोकांना धडा शिकवून लगेच झोपू दिलं आणि काहींना जागं ठेवलं, तर झोपलेल्यांना तो धडा जास्त आठवला. "शिकलेलं झोपेत मुरतं नलू, लोणच्यासारखं. इतकी वर्षं मी नुसती फोडी करतेय, मुरायला ठेवतच नाही. आता रोज एक प्रकरण वाचायचं आणि तासभर झोपायचं. भरदुपारी. टॉवेल लावून." मी विचारलं, "कुणाच्या नावानं?" ती म्हणाली, "माझ्या!" आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मी तिला म्हटलं, लाव, रोज लाव. आजही तेच म्हणेन. तिनं झोपायलाच हवं होतं.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. इंदूबाईंनी, मायानं आणि खुद्द नानांनी सांगितलं तेच लिहिते. नानांची पहिली पाळी होती. शालन सकाळची कामं उरकून वाचत बसली. जेवणवेळेला तिनं कडीला टॉवेल अडकवला. इंदूबाई ओट्यावर गहू पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "अगं, आज टॉवेल कुणाला? नाना तर फस्ट शिफ्टला." शालन म्हणाली, "मला. डोकं फार चढलंय, जरा पडते." आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज यायला लागला, चांगला मोठा. शालन कधी घोरत नसे. इंदूबाई आणि दुसऱ्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. किती वर्षांची झोप साठलीय बाईची, झोपू दे. माया शाळेतून आली, टॉवेल बघितला आणि उंबऱ्यातूनच मागे फिरली, इंदूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. मग नाना आले. स्वतःच्या दारावरचा टॉवेल बघून ते थबकले. "मी तर हितं हाय. मंग आत झोपलंय कोन?" इंदूबाईंनी सांगितलं. नानांनी दाराशी कान नेला, घोरणं ऐकलं, आणि डबा हातात तसाच घेऊन पायरीवर बसले. "झोपू द्या तिला. परीक्षा हाय. आज मी कुनाला उठवू देनार न्हाई." पोरं खेळायला लागली तर त्यांना हाकललं. पेपरचं बिल मागायला आलेल्याला ओठावर बोट ठेवून परत पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं.

उन्हं उतरली आणि नळाला पाणी आलं. आमच्या कॉलनीत संध्याकाळचं पाणी थोडाच वेळ येतं, शालननं ते कधी चुकवलं नव्हतं. कळश्यांचा आवाज झाला, भांडणं झाली, आणि तरी ती उठली नाही, तेव्हा इंदूबाई हातातली कळशी तिथंच टाकून आल्या. त्यांनी नानांना बाजूला सारून दार ढकललं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत दिवे लागून गेले होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "या अशा केव्हापासून आहेत?" दुपारपासून घोरत होती, एवढंच कुणीतरी सांगितलं. "घोरत होत्या का? मग हाक मारून, हलवून कुणी उठवून पाहिलं नाही?" नाना म्हणाले, "साहेब, झोपली हुती ती." शुद्धीवर न येताच ती सकाळी गेली. दुपारीच आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांनी खात्रीनं सांगितलं नाही. प्रयत्न करता आले असते, इतकंच म्हणाले. त्या 'असते'वर मी गेले कित्येक दिवस अडकून पडले आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कॉलनीतल्या विहारात झाला. गर्दी खूप होती. वक्ते बोलले, आदर्श पत्नी, कामगाराची खरी सोबतीण, जिनं कधी पतीची झोपमोड होऊ दिली नाही. मग नाना उभे राहिले. गेटसभा गाजवणाऱ्या त्या माणसाला दोन वाक्यं जुळवता येईनात. शेवटी म्हणाले, "जन्मभर तिनं माझी झोप राखली. एक दिवस... येकच दिवस मला तिची राखायला मिळाली." सगळा विहार रडला. माझ्या शेजारची बाई हुंदके देत म्हणाली, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो." मी रडले नाही. मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं की अरे, ती झोप नव्हती! तिची झोप राखायला तुम्हाला वीस वर्षं होती आणि तुम्ही ती राखलीत ज्या दिवशी ती झोपलेली नव्हती त्या दिवशी. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं, कारण समोर माया बसली होती. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल आणि माया आता पुरवणी वाचण्याइतकी मोठी आहे, म्हणून तिला इथंच सांगते. बाळ, तुझी चूक नाही. बोलायला यायच्या आधी तुला तो टॉवेल शिकवला होता, आणि इतकं पक्कं शिकवलेलं असं एका दुपारी विसरता येत नाही. हे तुझ्या आईच्याच पुस्तकात आहे.

गेल्या आठवड्यात मायाचा निरोप आला, आईचं पुस्तक तुम्ही घेऊन जा. दुपारची शाळा सुटल्यावर कॉलनीत गेले. गल्ली चिडीचूप. इंदूबाई ओट्यावर गवारी मोडत बसल्या होत्या, मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. समोर शालनच्या दाराच्या कडीला टॉवेल. तोच पिवळा, धुऊन धुऊन विटलेला, एका कोपऱ्याला तिनं घातलेली टीप. इंदूबाई कुजबुजल्या, "नानांची रातपाळी लागलीय. मायाच लावते आता. ती शिकवणीला गेलीय, बसा इथं तोवर." आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला मोठा. मी ओट्यावर टेकणार होते, आणि मला बसवेना. त्या पायरीशी, जिथं ते त्या दिवशी डबा घेऊन बसले होते, तिथं मी जाऊन उभी राहिले. माझं मलाच कळायच्या आत गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाईल अशी हाक माझ्या तोंडून निघाली.

"शालन!"

"अगं बाई, काय करता!" इंदूबाईंच्या हातातली गवारी सांडली. दोन-तीन दारं उघडली. आतलं घोरणं थांबलं, पलंग करकरला, आणि लोटलेलं दार उघडून नाना बाहेर आले. केस विसकटलेले, डोळे तांबारलेले. क्षणभर त्यांची नजर माझ्या मागे कुणाला तरी शोधत होती. मग त्यांनी मला ओळखलं, कडीवरच्या टॉवेलाकडे बघितलं आणि चौकटीला धरून मटकन खाली बसले. सांगायचं होतं ते झालं होतं.

नाना पहिल्याच हाकेला उठले होते.